कॉमिक्समधली लॅटिनो पात्रं : कुणाला घर मिळालं, कुणाला नाही

ओलीमाती :

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला.

आम्ही लॉस एंजेलिसच्या उत्तरेला राहतो. लेकीची एक वर्गमैत्रीण आहे, तिचं घराणं मेक्सिकोतल्या वाहाकाचं. परवा दोघी स्वयंपाकघरात ओट्याशी बसून 'ब्लू बीटल'चे जुने अंक चाळत होत्या. यातला नायक हाइमे रेयेस म्हणजे टेक्सासमधल्या एल पासोचा शाळकरी मुलगा. कीथ गिफन, जॉन रॉजर्स आणि कली हॅमनर यांनी २००६ साली तो डीसी कॉमिक्ससाठी घडवला. परग्रहावरचा एक किडा त्याच्या पाठीच्या कण्यात रुतून बसतो आणि अंगावर निळं चिलखत चढतं. दुसरा एखादा सुपरहिरो असता तर त्यानं हे गुपित घरच्यांपासून वर्षानुवर्षं जपलं असतं. हाइमे मात्र सुरुवातीच्या अंकांतच आई, गॅरेज चालवणारे वडील आणि धाकटी बहीण मिलाग्रो यांच्यासमोर उभा राहून सगळं सांगून टाकतो. घरचे हादरतात, बहीण तर त्या रूपाला भिते, पण पोरगं घरातच राहतं. ते पान बघून ती मैत्रीण म्हणाली, "हे खरं आहे. आमच्याकडे काही लपत नाही. आईला कळलं की मावशीला कळतं, आणि मावशीला कळलं की संपलंच."

मी पोळ्या लाटत होते, लाटणं थांबलं. तिनं चिलखताबद्दल एक शब्द काढला नाही. तिला पटलं ते घर.

तेव्हापासून मी वाचनालयातून मिळेल ते आणून वाचते आहे, आणि माझं एक मत बनत चाललं आहे. अमेरिकन कॉमिक्समध्ये लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मुळं असलेली, पात्रं पन्नास वर्षांपासून आहेत. पण त्यांतली बरीचशी नुसती आडनावानं लॅटिनो आहेत. ज्यांना लेखकानं नेमकं गाव दिलं, घर दिलं, ओरडणारी आई आणि नाक खुपसणारे शेजारी दिले, तीच टिकली.

नसलेल्या घराचं उदाहरण म्हणून व्हाइब घ्या. पाको रामोन, डेट्रॉइटमधल्या रस्त्यावरच्या टोळीचा म्होरक्या, ब्रेकडान्स करणारा. १९८४ साली जस्टिस लीग या डीसीच्या सुपरहिरोंच्या चमूत आला. त्याचं इंग्रजी मुद्दाम तोडूनमोडून लिहिलेलं, कपडे भडक. तो कुठून आला, घरी कोण आहे, या सगळ्याला लेखकांनी जेमतेम हात लावला. १९८७मध्ये त्याला मारून टाकलं. लढताना मेलेला जस्टिस लीगचा पहिला सदस्य तो. त्या काळातली दुसरी पात्रं मरून परत येत, हा वर्षानुवर्षं आला नाही.

आणि आता असलेल्या घराकडे येते. आमच्याकडून समुद्राच्या कडेनं गाडी काढली की पुढे ऑक्सनार्ड लागतं. स्ट्रॉबेरीची शेतं, त्यांत दिवसभर वाकून तोडणी करणारी मेक्सिकन माणसं. या गावात हर्नान्देझ भावंडं वाढली. आईला स्वतःलाच कॉमिक्सचं वेड, त्यामुळे कॉमिक्स घरात कायम पडलेली. १९८१ साली गिल्बर्ट, हाइमे आणि मारिओ या भावांनी पदरमोड करून 'लव्ह अँड रॉकेट्स'चा पहिला अंक काढला. एक प्रत परीक्षणासाठी एका नियतकालिकाला पाठवली, तर तिथल्या गॅरी ग्रोथ यांनी तो छापायलाच मागितला. १९८२पासून फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेनं तो प्रकाशित केला.

गिल्बर्टचं पालोमार हे लॅटिन अमेरिकेतलं कल्पित खेडं. तिथे चेलो नावाची बाई गावातल्या पुरुषांना पैसे घेऊन अंघोळ घालते, सुईणपणही तीच करते. मग लूबा नावाची परकी बाई येते, हातात कायम हातोडा, आणि चेलोच्या धंद्याला स्पर्धा उभी राहते. तोनान्त्सिन रस्त्यावर तळलेल्या गोगलगायी विकते. इथे सुपरहिरो नाही. एका कथेत हॉवर्ड मिलर नावाचा अमेरिकन छायाचित्रकार गावात येतो. त्याला गरिबीची चित्रं काढून पुस्तक करायचंय, नाव कमवायचंय. त्याच्या कॅमेऱ्यातून दिसणारं गाव आणि आपण तोवर पानोपानी ओळखू लागलेलं गाव, या दोन्हींत किती अंतर आहे हे गिल्बर्ट कुठेही भाषण न ठोकता दाखवतो. मी ती कथा सलग दोनदा वाचली. आपण आत राहणारे, आणि तो बाहेरून आलेला. अमेरिकन कॉमिक्समध्ये ही अदलाबदल १९८५च्या आसपास झाली, हे मला फार मोठं वाटतं.

हाइमे हर्नान्देझच्या मॅगी आणि होपी या नायिकांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, प्रतिसादांत लिहीन. तुम्ही काय वाचलंय? तुम्हाला कुणाचं घर आठवतं?


शाईचा_डाग :

उत्तम धागा. व्हाइबच्या आधीचा एक महत्त्वाचा माणूस राहिला, त्याची भर घालतो.

व्हाइट टायगर, खरं नाव हेक्टर अयाला. डिसेंबर १९७५चा अंक. लेखक बिल मँटलो, चित्रकार जॉर्ज पेरेझ. मार्व्हलचा पहिला लॅटिनो नायक हाच मानतात. पेरेझ स्वतः न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्सचे, आईवडील पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचे, तेव्हा वय अवघं एकवीस. हेक्टरही साउथ ब्राँक्सचाच कॉलेजात जाणारा पोरगा, कचऱ्यात टाकून दिलेले वाघाच्या आकाराचे ताईत त्याला सापडतात. आपल्या गल्लीतला पोरगा नायक म्हणून काढायची संधी त्या वयात मिळणं ही केवढी गोष्ट!

पुढे पेरेझनी वंडर वूमन काढली, टीन टायटन्स काढले, चाळीसेक वर्षं दुसऱ्यांच्या नायकांना चेहरे दिले. २०२२च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा मी कपाटातून सगळे अंक काढून बसलो होतो. गर्दीच्या चित्रात मागच्या रांगेतल्या माणसाचंही नाक वेगळं काढणारा चित्रकार.

हेक्टरचा शेवट मात्र वाचवत नाही. २००२-०३च्या 'डेअरडेव्हिल'मध्ये त्याच्यावर पोलिसाच्या खुनाचा खोटा आळ येतो. मॅट मरडॉक, म्हणजे खुद्द डेअरडेव्हिल, त्याचा वकील. ज्यूरी दोषी ठरवते, हेक्टर घाबरून पळायला बघतो आणि न्यायालयाच्या दारात गोळ्या खाऊन पडतो. निर्दोष होता हे नंतर कळतं. ही कथा लिहिणारे ब्रायन मायकल बेंडिस. याच बेंडिसनी २०११मध्ये सारा पिकेली यांच्याबरोबर माइल्स मोरालेस हा नवा स्पायडर-मॅन घडवला, ज्याची आई पोर्तो रिकन. एकाच लेखकाच्या हातून एक पोर्तो रिकन नायक असा संपतो आणि दुसरा असा जन्मतो, याचा मी अनेकदा विचार करतो.


चौथी_गल्ली :

लेख आवडला, पण मूळ मुद्दा पटला नाही म्हणून लिहितो. गोष्ट चांगली असली की पात्र कुठलं आहे याला महत्त्व राहत नाही. मी लहानपणी फँटम वाचला, मँड्रेक वाचला. त्यांत कुणीही माझ्यासारखं नव्हतं, माझं काही अडलं नाही. आज प्रत्येक पात्राची जात, वंश, देश मोजायचा आणि मग आमचे किती, तुमचे किती असा हिशेब मांडायचा, यानं कथेचं नुकसानच होतं असं माझं प्रामाणिक मत आहे. हर्नान्देझ बंधू मोठे आहेत ते लॅटिनो म्हणून नव्हे, मोठे कलावंत म्हणून.


ओलीमाती :

चौथी_गल्ली, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. फक्त ते कलावंत मोठे कशानं झाले तेही बघा ना. पालोमारमधून ती अंघोळ घालणारी चेलो काढली, तळलेल्या गोगलगायी काढल्या, तर उरेल ते कुठलंही गाव असेल. त्यांची कला त्या तपशिलात आहे, तो तपशील त्यांच्या घरातून आला.

आणि अडण्याबद्दल. तुम्ही पुस्तक मिटून बाहेर आलात की रस्ता, दुकानाच्या पाट्या, शाळेतले गुरुजी, सगळं तुमच्याच भाषेत होतं. इथल्या लॅटिनो पोराचं तसं नाही. २०२०च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो नोंदवलं, म्हणजे दर शंभरांत जवळपास एकोणीस. एवढी माणसं, आणि पुस्तकात स्वतःसारखा दिसतो तो टोळीवाला नाहीतर माळी. हिंदी सिनेमात वर्षानुवर्षं मराठी बोलणारी व्यक्ती म्हणजे भांडी घासणारी बाई किंवा हवालदार असायची, तेव्हा आपल्याला काय वाटायचं ते आठवा. भांडी घासणं कमीपणाचं नाही. त्या बाईला नाव नसायचं, तिचं घर कधी दिसायचं नाही, ते लागायचं.


अबोली_एस :

+१ ओलीमाती, त्या बाईबद्दल विशेष.

चौथी_गल्ली, तक्रार केल्यानं काम सुधारतं याचं एक उदाहरण. २०१३मध्ये डिस्नेनं एका चित्रपटासाठी 'दिआ दे लोस मुएर्तोस' या सणाच्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला होता. पितरांच्या सणाचं नाव एका कंपनीच्या मालकीचं! लालो अल्काराझ या व्यंगचित्रकारानं यावर हाडांच्या सांगाड्याचा राक्षसी उंदीर शहरावर चाल करून येतोय असं चित्र काढलं, ते सगळीकडे फिरलं, डिस्नेनं अर्ज मागे घेतला. पुढे तोच अल्काराझ त्याच चित्रपटाचा, म्हणजे 'कोको'चा, सल्लागार झाला. 'कोको'त घर किती भरलेलं आहे ते पाहिलंच असेल.


मीठभाकर :

मला भाषेबद्दल लिहायचंय.

जुन्या कॉमिक्समधलं लॅटिनो पात्र कसं बोलतं? अख्खं वाक्य इंग्रजीत, शेवटी 'अमिगो'. किंवा दचकलं की 'दिओस मिओ', म्हणजे अरे देवा. मी इंग्लंडमध्ये दोन भाषांत वाढलेली मुलगी आहे, आणि सांगते, असं कुणी बोलत नाही. ज्याला अख्खं इंग्रजी वाक्य जमतं त्याला 'मित्र'चा इंग्रजी शब्द अडत नाही. आम्ही भाषा बदलतो ती भलत्याच जागी. मी आणि माझा भाऊ इंग्रजीत भांडायचो आणि मधेच 'आईला सांगीन हं' यायचं. आकडे मनात मराठीत मोजायचो, कारण पाढे आजोबांनी शिकवले. आत्याला आत्याच म्हणायचो, कारण इंग्रजीत आत्या नाहीच, नुसती सगळ्यांची मिळून एक आन्ट. ठेच लागली की 'आई गं'.

हाइमे हर्नान्देझ हे बरोबर पकडतो. त्याची पात्रं स्पॅनिश बोलू लागली की संवाद टोकदार कंसात येतो. मजकूर इंग्रजीच, पण कंस दिसला की वाचणाऱ्याला कळतं, आता घरची भाषा सुरू झाली. थोरल्यांशी बोलताना कंस येतात, मित्रांत आलं की जातात. भाषांतराची पाटी लावायची गरज राहत नाही.

'ब्लू बीटल'चा २००८ सालचा २६ वा अंक मिळाला तर जरूर बघा. जाय निट्झनी लिहिलेला तो अंक जवळजवळ पूर्ण स्पॅनिशमध्ये आहे, इंग्रजी संहिता शेवटी दिलेली. मोठ्या अमेरिकन प्रकाशनानं आपल्या नेहमीच्या वाचकाला पानं उलटून मागे जायला लावलं! घरी आलेल्या पाहुण्याला जेवढं अवघड वाटतं तेवढं वाटू दिलं. आम्ही लहानपणी इंग्रज मैत्रिणींना घरी आणायचो तेव्हा त्यांचे चेहरे असेच व्हायचे.


तिसरा_मजला :

भाषेवरून आठवलं. २०१८च्या 'स्पायडर-व्हर्स' चित्रपटात माइल्सची आई रिओ मधूनमधून स्पॅनिश बोलते आणि खाली अनुवाद येत नाही. ज्याला कळलं त्याला कळलं. पुढच्या भागात माइल्सला नेमके स्पॅनिशमध्ये कमी गुण मिळतात आणि आई भडकते. मला हे सगळ्यांत खरं वाटलं. दुसऱ्या पिढीच्या जिभेवरून भाषा निसटते आणि ते आईच्या जिव्हारी लागतं.

पण याच माइल्सच्या बाबतीत काय झालं पाहा. २०२३च्या 'स्पायडर-मॅन २' या प्लेस्टेशनवरच्या खेळात त्याच्या घरात पोर्तो रिकोच्या जागी क्युबाचा झेंडा लावला होता. दोन्ही झेंड्यांची रचना एकच. पोर्तो रिकोचे पट्टे लाल-पांढरे आणि त्रिकोण निळा, क्युबाचे पट्टे निळे-पांढरे आणि त्रिकोण लाल. रंग उलटले की देश बदलला. खेळ बनवणाऱ्यांनी चूक कबूल करून दुरुस्ती केली. पण खेळाचं एवढं मोठं काम, आणि भिंतीवरचा झेंडा बरोबर आहे का हे पोर्तो रिकोच्या एका माणसाला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

मी हा खेळ मुलाबरोबर डोंबिवलीत बसून खेळलो, तेव्हा मलाही तो झेंडा कळला नव्हता. नंतर बातमी वाचून दोघांनी दोन्ही झेंडे शेजारी शेजारी ठेवून बघितले. आता विसरणार नाही.


पेठेतली_पेपा :

मी पुण्यात स्पॅनिश शिकले, पुढे शिकवलं. या धाग्यावर सगळे अमेरिकेतल्या कॉमिक्सबद्दल बोलताहेत म्हणून थोडं दक्षिणेकडे नेते. स्वतः लॅटिन अमेरिकेनं स्वतःला कसं काढलं?

आमच्या वर्गात कोन्दोरितो यायचा. चिलीचा कोन्दोर पक्षी, पायात चपला, खिशात दमडी नाही. त्याच्या जन्माची कथा या धाग्यात चपखल बसते. १९४२मध्ये डिस्नेनं दक्षिण अमेरिकेवर 'सालुदोस आमिगोस' काढला. त्यात ब्राझीलच्या वाट्याला दिमाखदार पोपट आला आणि चिलीच्या वाट्याला पेद्रो नावाचं टपाल नेणारं इवलंसं विमान. चिलीचे चित्रकार रेने रिओस, म्हणजे पेपो, यांना ते फार लागलं. १९४९मध्ये त्यांनी आपल्या देशाच्या राजचिन्हावरचा पक्षी घेतला आणि त्याला साधा, खटपट्या, गावातला माणूस केला. प्रत्येक विनोदाच्या शेवटी कुणीतरी पाय वर करून मागे पडतं आणि लिहिलेलं असतं 'प्लोप!' माझ्या विद्यार्थ्यांना क्रियापदं आठवायची नाहीत, 'प्लोप' मात्र पक्कं.

आणि मग माफाल्दा. कीनो या व्यंगचित्रकारानं १९६४ ते १९७३ एवढीच वर्षं काढली, पण अर्जेंटिनातली ती सूप न आवडणारी पोर अजून सगळ्या खंडाची लेक आहे. बापाची नोकरी, महागाई, पृथ्वीच्या गोलाला आजारी समजून अंथरुणात झोपवणं... घर म्हणजे काय ते तिथे शिकावं.

पण सगळं गोड नाही. मेक्सिकोच्या 'मेमीन पिंगीन'मध्ये काळ्या मुलाचा चेहरा जाड ओठांचा, माकडासारखा काढलाय. मेक्सिकोत पिढ्यांनी त्याच्यावर माया केली. २००५मध्ये मेक्सिकोच्या टपाल खात्यानं त्याची तिकिटं काढली तेव्हा अमेरिकेतून निषेध झाला, आणि मेक्सिकोतल्या बऱ्याच लोकांना तो निषेधच कळेना. ज्याला आपलं घर नीट काढलं जावंसं वाटतं, तोही शेजाऱ्याचा चेहरा वाकडा काढू शकतो. हे वर्गात शिकवताना मी दरवेळी थांबायचे.


अबोली_एस :

पेपाताई, रंगाचा विषय तुम्ही काढलात ते फार बरं झालं. सनस्पॉट नावाचा सुपरहिरो, म्हणजे रोबेर्तो दा कोस्ता, १९८२ साली 'न्यू म्यूटंट्स' या कॉमिक्समधून आला. ब्राझीलचा. वडील काळे, श्रीमंत उद्योजक. त्याची शक्ती पहिल्यांदा प्रकट होते तीच रिओत फुटबॉलच्या मैदानावर, समोरचे खेळाडू त्याला रंगावरून हिणवतात तेव्हा. म्हणजे हा रंग कथेच्या मुळाशी आहे. आणि पुढच्या वर्षांत त्याला रंगवणारे त्याला उजळ करत गेले. २०२०च्या चित्रपटातही गोऱ्या वर्णाचा नट घेतला, त्यावर टीका झाली. लॅटिनो चालेल, पण जरा गोरा असू दे. हे वाचताना मला आपल्या लग्नाच्या जाहिराती आठवल्या, त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसरं, ओलीमाती, हर्नान्देझांचं कौतुक मलाही आहे, पण गिल्बर्टच्या बायकांची शरीरं? लूबाची छाती ज्या आकारात तो काढत राहतो, त्यानं मला अनेक पानांवर वाचन थांबवावं लागलं. लूबा आई आहे, हट्टी आहे, एकटीनं गाव चालवते. इतकी भरीव बाई लिहिणाऱ्याला तिला असं काढायची गरज का वाटावी? हाइमेची मॅगी उलट. मॅगी मेकॅनिक आहे, तिची मावशी विकी कुस्तीगीर आहे. मॅगी वर्षागणिक जाड होत जाते, खांदे उतरतात, आता पन्नाशी ओलांडलीय तिनं. आणि हाइमेच्या रेषेत तिच्यावरची माया तसूभर कमी होत नाही.


ओलीमाती :

अबोली, लूबाबद्दल मी तुझ्याशी सहमत आहे. मूळ लेखात मी ते टाळलं, टाळायला नको होतं.

मॅगीबद्दल लिहीन म्हटलं होतं. मार्गारिता लुइसा चास्करिलो हे तिचं पूर्ण नाव. ती राहते ती वस्ती हॉपर्स, बेतलेली ऑक्सनार्डवर. १९८०च्या दशकातली 'द डेथ ऑफ स्पीडी' वाचून झाली त्या रात्री मला झोप लागली नाही. स्पीडी ऑर्तीझ, वस्तीतला देखणा पोरगा, दोन वस्त्यांच्या पोरांतली भांडणं. म्हणजे व्हाइबसारखाच टोळीचा विषय. पण स्पीडीला बहीण आहे, प्रेमात पडलेली मॅगी आहे, लहानपणापासून ओळखणारी सगळी गल्ली आहे. आणि हाइमे मृत्यू दाखवतच नाही. तो चौकटींच्या मधल्या पांढऱ्या जागेत होऊन जातो. आपण कुणाच्या तरी दारात उभे असतो आणि बातमी येते, तसं. व्हाइबला मारलं तेव्हा एक सदस्य कमी झाला. स्पीडी गेला तेव्हा वस्ती रिकामी झाली.


डोलकाठी :

मी कॉमिक्सवाला नाही. चाळीस वर्षं जहाजावर काढली, मूळ रत्नागिरीचा, आता निवृत्त. पण तुमचा धागा नात वाचून दाखवत होती, आणि एक आठवण वर आली म्हणून तिच्याकडून टंकून घेतोय.

१९८०च्या आसपास आमचं जहाज कोलंबियातल्या बुएनाव्हेंतुरा बंदरात माल उतरवायला लागलं होतं. पाऊस थांबायचं नाव घेईना. धक्क्याबाहेर एका टपरीवर कॉफी प्यायला गेलो. टपरीवाल्यानं विचारलं कुठला, मी म्हटलं इंडिया. तो एकदम उजळला. "कालिमान!" म्हणाला, आणि मागच्या दोरीला चिमट्यानं लटकवलेलं एक पातळ पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. तपकिरी शाईत छापलेलं. मुखपृष्ठावर पांढऱ्या कपड्यातला दणकट माणूस, डोक्याला फेटा, फेट्यावर रत्नजडित के अक्षर. शेजारी एक पोरगा.

मला स्पॅनिश तुटपुंजं. त्यानं खुणांनी, शब्दांनी सांगितलं ते असं : हा तुमच्याकडचा. कालीमातेच्या वंशातला. मनाच्या जोरावर सगळं करतो. पोराचं नाव सोलिन, इजिप्तचा. मी चित्रं बघितली. माणसाचे डोळे निळे होते म्हणे. फेटा आमच्याकडचा वाटेना, तिकडच्या सुलतानासारखा. मी आयुष्यात असा हिंदी माणूस पाहिला नव्हता. पण टपरीवाल्यानं कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

नातीनं आता शोधून सांगितलं, हा मेक्सिकोचा. १९६३मध्ये रेडिओवर आला आणि १९६५पासून छापील. वर तुम्ही म्हणताय की अमेरिकेनं यांना धड काढलं नाही. ते खरं असेल. यांनी आम्हाला काढलं तेही असं होतं. पण त्यात तिरस्कार नव्हता. ज्या देशात कधी पाऊल टाकलं नाही, तिथला माणूस त्यांनी नायक केला होता. मला त्या पावसात, घरापासून इतक्या दूर, बरं वाटलं होतं. चुकीचं चित्र बघूनही बरं वाटलं, हे कसं, ते मी अजून ठरवू शकलो नाही.


शाईचा_डाग :

डोलकाठीकाका, या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. नातीचेही आभार माना.


चौथी_गल्ली :

काकांच्या प्रतिसादानं मला माझंच म्हणणं पुन्हा तपासावं लागतंय. मी फँटम वाचला तेव्हा त्यातलं बंगाल्लाचं जंगल, तिथले 'जंगली', हे सगळं कुणाचं तरी घर असू शकतं हे कधी मनात आलं नव्हतं. माझं अडलं नाही, कारण मी काढणाऱ्याच्या बाजूनं बघत होतो. कथा आधी, हे मत अजून आहे. पण पालोमार आता वाचणार आहे. सुरुवात कुठून करू?


ओलीमाती :

'हार्टब्रेक सूप' या नावाचा संग्रह मिळतो, त्यापासून. हाइमेचं 'मॅगी द मेकॅनिक'. आणि लहान मुलांबरोबर वाचायचं असेल तर 'ला बोरिन्केन्या'. एदगार्दो मिरांदा-रॉद्रिगेझ यांनी २०१६मध्ये स्वतःच प्रकाशित केलं. ब्रुकलिनमधली पोर्तो रिकन मुलगी अभ्यासासाठी बेटावर जाते आणि तिथल्या गुहांत तिला ताइनो, म्हणजे बेटाच्या मूळ रहिवाशांची, आदिमाता भेटते. अंगावर पोर्तो रिकोचा झेंडा. २०१७च्या मारिया वादळानंतर याच लेखकानं मदतनिधीसाठी कॉमिक्सचा संग्रह काढला, त्यात डीसीनं आपले नायक वापरू दिले. म्हणजे सुपरमॅन मदतीला आला तो तिच्या बेटावर, तिच्या कथेत पाहुणा म्हणून.

डोलकाठीकाका, एक सांगायचंय. तुमचा प्रतिसाद वाचला आणि काल लेकीला मैत्रिणीकडे सोडायला गेले तेव्हा तिच्या आजीला विचारलं, कालिमान माहीत आहे का. आजी मागच्या अंगणात मक्याची कणसं सोलत होत्या. सत्तरीच्या आहेत, इंग्रजी बोलत नाहीत, नात दुभाषी. त्यांनी हातातलं कणीस खाली ठेवलं आणि रेडिओवरच्या निवेदकासारखा आवाज लावून म्हणाल्या, "सेरेनिदाद इ पासिएन्सिया, सोलिन, मूचा पासिएन्सिया." शांती आणि धीर, सोलिन, खूप धीर. गावात एकाच घरी रेडिओ होता, सगळी पोरं खिडकीखाली बसून ऐकायची, असं सांगत होत्या. नातीला हे काहीच माहीत नव्हतं, ती आजीकडे बघतच राहिली.

मग त्यांनी मला विचारलं, तू तिकडचीच ना, मग तुमच्याकडे माणसांचे डोळे खरंच निळे असतात का? मी माझे दाखवले. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून, उजेडाकडे वळवून, नीट बघितला. हाताला ओल्या मक्याचा वास होता.